माझ्यामागे यांची सोय

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, सरकारी इस्पितळातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझ्यावर दडपण आणायची कोणाची छाती झाली असती तर मला बघायला आवडलं असतं. बुद्धी शाबूत आहे, हृदय तितकंसं नाही. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात मला जे सांगितलं, ते मी जन्मभर रुग्णांच्या नातेवाइकांना सांगत आले, त्यामुळे त्यांना आडवळण घ्यावं लागलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

माझे पती, छापखान्यातून निवृत्त झालेले यंत्रचालक, यांचा उल्लेख यापुढे 'हे' असा येईल. वकीलबाई म्हणतात पूर्ण नाव हवं. ते त्यांनी टाइप केलेल्या प्रतीत घालावं, माझ्या हाताला सवय नाही.

कलम १. दागिने धाकटीला. बँकेतली ठेव थोरल्याला आणि धाकटीला निम्मी निम्मी. शिलाई मशीन सुनेला, कारण या घरात त्याला तेल घालणारी ती एकटीच. यावरून धाकटीने तोंड वाकडं करू नये. तिने ते मशीन फक्त कपडे वाळत टाकायला वापरलं आहे.

कलम २. कुदळ, खुरपी आणि झारी थोरल्याला. त्याला बागेची आवड नाही, हे ठाऊक असूनही देत आहे. गॅलरीत एक कुंडी ठेवून बघावी. गुलाबाची कात्री माझ्या नणंदेला. तिने माझ्या पिवळ्या गुलाबाची फांदी न विचारता नेली, तिच्याकडे ती माझ्यापेक्षा दुप्पट फुलली, आणि वर तिने त्याच फुलांचा गुच्छ माझ्या वाढदिवसाला आणला. कात्री तिला मिळावी, मात्र धार लावून देऊ नये.

कलम ३. मागच्या भिंतीलगतचा गांडुळांचा वाफा. निवृत्त झाल्यापासून माझा दिवस बागेत जातो आणि यांचा पाण्याकाठी. हे गळाने मासे धरतात, म्हणजे धरायला जातात. गळाला गांडूळ लागतं आणि मातीलाही गांडूळच लागतं, तेव्हा भांडण ठरलेलं. शेवटी तह झाला: भिंतीलगतचा वाफा यांनी खणायचा, बाकीच्या बागेला हात लावायचा नाही.

या वर्षी सुट्टीला तळ्याकाठी जायचं मी ठरवलं. माझ्या बागेला धक्का नको, म्हणून हे कधी नव्हे ते बाजारात गेले आणि गांडुळं विकत घेऊन आले. मी डबा उघडून पाहिला. मला वाटलं, यांनी माझ्याच बागेतली खणली, तह मोडला. सगळी गांडुळं उचलून टोमॅटोच्या वाफ्यात सोडली आणि डबा तसाच लावून ठेवला. तळ्याकाठी यांनी डबा उघडला तर आत नुसती माती. बाजारातून आणलेली गांडुळं गेली कुठं, हे म्हणाले.

"अहो, ती विकतची होती? सांगायचं नाही का?"

"बरं, असू दे. तुझे टोमॅटो मोठे होतील."

मग सुट्टीभर हे कणकेच्या गोळ्या लावून बसले. मासे कणीक खाऊन गेले, गळाला एकही लागला नाही. मी शेजारी बसून विणकाम केलं. इतकी चांगली सुट्टी आम्हाला कधी मिळाली नव्हती. तो वाफा आणि बाकीचे सगळेच वाफे यांचे. कुठेही खणावं.

कलम ४. राहतं घर. ते माझ्या नावावर आहे. जेवणाच्या टेबलावर मुलांनी मागेच ठरवून टाकलं, की माझ्यामागे घर विकायचं आणि बाबांना सहा महिने एकाने, सहा महिने दुसरीने न्यायचं. हे नेहमीप्रमाणे "बरं" म्हणाले. यांच्यापुढे कोणीही कागद ठेवला तरी हे "बरं" म्हणून सही करतील. सबब, हे हयात असेपर्यंत घर विकलं जाऊ नये, यांच्या स्वतःच्या सहीनेही विकता येऊ नये, आणि यांनी याच घरात राहावं.

इथवर लिहून मी यांना वाचून दाखवलं. हे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गळाच्या दोऱ्याचा गुंता सोडवत होते.

"चौथं कलम काढ."

"का म्हणून? पोरं तुम्हाला गाठोड्यासारखं इकडून तिकडे नेतील."

"नेतील किंवा नाही नेणार. मला कुठं राहायचंय, ते तू तरी विचारलंस का?"

"मग सांगा ना."

यांनी गुंत्यातली एक गाठ सोडवली, मग दुसरी. मी, महत्प्रयासाने, मध्ये बोलले नाही.

"तू गेल्यावर या घरात मला राहवेल की नाही, मला माहीत नाही. कदाचित इथंच बसून राहीन. कदाचित दुसऱ्या दिवशी कुलूप लावीन. तुझ्याशिवायचं घर मी अजून बघितलेलं नाही गं. मला कायद्यानं इथं बांधून जाऊ नकोस."

बायको गेलेली कितीतरी माणसं मी वॉर्डाच्या दारापर्यंत पोचवली आहेत. पुढे ती कुठे जातात, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. मला रडू आलं, याची इथे नोंद करते. वरचं कलम मी खोडत नाही, नुसतं रद्द करते. ते का रद्द झालं हे मुलांना वाचता यावं.

कलम ४, सुधारित. घर यांच्या पूर्ण मालकीचं. राहावं, विकावं, कुलूप लावावं, यांची मर्जी. थोरल्या आणि धाकटे, तुम्ही वाईट नाही, तुम्हाला नुसती घाई आहे. एक वर्षभर यांना कुठेही चला म्हणू नका. त्यानंतर विचारा, आणि विचारून गप्प बसा. "बरं" म्हणाले तर ते उत्तर समजू नका. पुन्हा विचारा.

कलम ५. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत मी इथे लिहीत नाही. ती संपेपर्यंत माझी मालमत्ता माझीच आहे आणि माझे दिवसही. काल मी यांना विचारलं, पुढची सुट्टी कुठे घालवायची. "तुला आवडेल तिथं," हे म्हणाले. मी पुन्हा विचारलं आणि वाट पाहिली. मग म्हणाले, "समुद्र." सोमवारी निघतो आहोत. बागेला पाणी कोण घालणार, हे मला कोणी विचारू नये.

हे सर्व वाचून, समजून, चष्मा लावून मी सही केली आहे. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असा नियम आहे, म्हणून यांनी फक्त चहा केला.

स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: ७ नोव्हेंबर

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार १: शेजारचे सुतार. आम्हा दोघांसमक्ष सही झाली.
साक्षीदार २: वॉर्डातली माझी जुनी सोबतीण, जिला सगळे 'घड्याळ' म्हणत. आज उशिरा आली, म्हणून सही तिच्यासाठी थांबवली.