आवाज सोडताना येतो की धरताना?

वरठी, ता. ३ फेब्रुवारी २०२५

ती. मामाजींच्या सेवेशी,
अश्वजितचा सविनय जयभीम. वि. वि.

गाडीखालून टण्ण असा आवाज आला आणि शेजारी बसलेली सानगडीची प्रतिक्षा हसता हसता थांबली, तिथंच माझं सगळं बदललं. म्हणाली, गाडी थांबव, मले उतरायचं आहे. उतरून गेली असती तर बरं होतं. खिडकीत वाकून तिनं पाढाच वाचला. पॉलिटेक्निक अर्ध्यात सोडलं, सरांशी भांडून दार आपटून निघालास. नोकरी पहिला पगार व्हायच्या आधी सोडली. आता ही गाडीही अर्ध्यातच सोडशील. एक तरी गोष्ट शेवटपर्यंत ने, मग मी घरी लग्नासाठी तुझं नाव काढते. नाहीतर भंडाऱ्याचा एक बँकवाला तिले पाहायले सानगडीले येणारच आहे म्हणे.

कारखान्यात मशिनी दुरुस्त करता करता तुमचे कान गेले, म्हणून फोन बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही सकाळी फुलं पाठवता आणि दिवसभर गायब. म्हणून हे पत्र पवनीच्या बसच्या कंडक्टरजवळ देऊन राहिलो. कागदावर मले ओरडता येत नाही, हा तुमचा फायदा.

गाडी म्हणजे मी आणि माझा दोस्त धर्मेंद्रनं त्याच्या गॅरेजात उभी केलेली जुनी, दोन दारांची, मागच्या चाकांवर पळणारी. इंजिन मोठं बसवलं आहे. तेवीस तारखेले नागपूरकडच्या एका पडीक धावपट्टीवर चारशे मीटरची सरळ शर्यत आहे. गाडीची रडगाणी तीन. क्लच सोडला की टण्ण. वेग वाढला की बुडाखाली घूंऽऽ. आणि जोर दिला की दुसरा गिअर आपोआप उडतो. धर्मेंद्र म्हणतो गिअरबॉक्स खोलू. मी म्हणतो वैनगंगेत टाकू. तुम्ही सांगाल ते करतो.

मामीले जयभीम. लोभ आहेच, त्याले ग्रीस लावत राहा.

आपला भाचा,
अश्वजित


आसगाव, ता. ७ फेब्रुवारी २०२५

चि. अश्वजितले मंगरूमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुले एवढं लिहिता येते हे पाहून तुझी तुळसामामी शेजाऱ्यांना दाखवून आली. पण लेका, पहिलं पान दोनदा वाचलं तरी झटके कोण देऊन राहिलं, गाडी का पोट्टी, हे मले समजलं नाही.

आवाज तू चांगला लिहितोस, पण अर्धाच. टण्ण हा आवाज सोडताना येतो की धरताना? म्हणजे गाडी ओढ घेते तेव्हा, का तू पाय काढतोस तेव्हा? दोन्ही वेळा येत असंल तर शाफ्टमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यात, प्ले आहे, तो ढिला झाला आहे. इंजिन बंद कर, मागची चाकं स्टँडवर घे, पुढच्या चाकांना दगड लाव आणि शाफ्ट हातानं इकडून तिकडे पिळून पाहा. शाफ्टच्या जोडात अधिकच्या खुणेसारखा तुकडा असते, क्रॉस. तो कटकट हलला तर गेला समज.

घूंसाठी असं कर. वेगात असताना गिअर काढ. न्यूट्रलमध्येही घूं तसाच राहिला तर दोष गिअरबॉक्सच्या मागं आहे. तरी खात्रीसाठी गिअरबॉक्सचं ऑइल उतरवून पाहा. तळाले काळं पीठ निघालं तर झोप काढ, लोखंडाचे तुकडे निघाले तर रड. तोवर गिअरबॉक्स खोलायचा नाही, आणि नदीत तर मुळीच टाकायचा नाही, तिथं आमचे मासे आहेत.

माझं मत, क्रॉस गेला आहे. बदल आणि मोकळा हो. मामी विचारते, प्रतिक्षाले तिखट झेपते का? आपल्या घरात लागंल.

तुझा,
मंगरूमामा


वरठी, ता. १२ फेब्रुवारी २०२५

ती. मामाजी, जयभीम. वि. वि.

आवाज धरतानाही येतो आणि सोडतानाही. शाफ्ट पिळला, क्रॉस खडखडला. नवा टाकला. ऑइलमध्ये नुसतं पीठ, तुकडा एकही नाही. टण्णचा टक झाला. इथवर मी तुमचा फोटो गॅरेजात लावणार होतो.

पण घूं गेला नाही, न्यूट्रलमध्येही नाही. दुसरा गिअर उडतो तो उडतोच. आणि काल टकचा पुन्हा टण्ण झाला. नव्या क्रॉसचा! माझं डोकं गेलं. गाडीचं दार असं आपटलं की त्याची अख्खी काच खाली आली. धर्मेंद्रनं झाडू आणून माझ्या हातात दिला. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

मग प्रतिक्षाले फोन केला आणि सगळी गाऱ्हाणी तिच्या कानावर घातली. ती मध्येच म्हणाली, मी काही तरी विचारलं होतं. मी म्हणालो, काय विचारलं होतं? तिनं फोन ठेवला. मागून समजलं, बँकवाला या रविवारी येऊन राहिला आहे, काय करू असं ती विचारत होती, आणि मी तिले दुसऱ्या गिअरबद्दल सांगत होतो. मामाजी, हा आवाज सोडतानाचा की धरतानाचा, हेही आता तुम्हीच सांगा.

लवकर लिहा. रागवा, पण लिहा.

आपला,
अश्वजित


आसगाव, ता. १५ फेब्रुवारी २०२५

चि. अश्वजितले आशीर्वाद.

चुकलो. तुझं पत्र मामीले वाचून दाखवलं. ती म्हणाली, नवी चप्पल एकाच बाजूनं झिजत असंल तर तुम्ही चप्पल कायले बदलता, चाल पाहा ना. मी ताट बाजूले सारून कागदावर तुझी गाडी काढायले बसलो.

आता असं कर. चारी चाकांना मोठे दगड लाव, हँडब्रेक ओढ. धर्मेंद्रनं आत बसून ब्रेक दाबून धरावा आणि गिअर टाकून क्लच जरासा सोडावा. तू बाजूनं वाकून पाहा. गाडीसमोर उभा राहू नको, खाली तर जाऊच नको. जोर आला की गिअरबॉक्स वर उचलून राहिला का? उचलत असंल तर त्याच्या बुडाचं रबर फाटलं आहे. फाटक्या रबरावर गिअरबॉक्स एरवीही वाकडा बसते, जोर आला की आणखी उठते, मग शाफ्ट तिरपा होते, तिरपा शाफ्ट घूं करते अन् क्रॉस खाते, आणि गिअरची दांडी ओढल्या जाऊन गिअर उडते. तीन रोग नाहीत, एकच आहे.

रबर बदल, आणि क्रॉसही पुन्हा बदल. नवा असला तरी तो वाकड्यात फिरला आहे.

पोट्टीच्या बाबतीत माझ्याजवळ स्टँड नाही. पण तिनं काय विचारलं होतं त्याचं उत्तर आधी दे. गिअरचं नंतर.

तुझा,
मंगरूमामा


वरठी, ता. २४ फेब्रुवारी २०२५

ती. मामाजी आणि मामी, जयभीम. वि. वि.

गिअरबॉक्स अंड्यावरून कोंबडी उठावी तसा उठला. रबराचे दोन तुकडे हातात आले. नवं बसवलं आणि घूं गायब, दुसरा गिअर बसला तो बसलाच. क्रॉस मात्र नवाच तर आहे म्हणून राहू दिला. तेवढं ऐकलं नाही तुमचं.

प्रतिक्षाले फोन करून आधी उत्तर दिलं, त्याले हो म्हणू नको. ती म्हणाली, हे सांगायले एवढे दिवस लागले? बँकवाला चहा पिऊन गेला, तिनं होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. शर्यतीले येते म्हणाली. आली.

पहिली फेरी अशी गेली की धर्मेंद्र नाचला. दुसरी फेरी जिंकली की काम फत्ते होतं. रेषेवर उभा राहिलो, क्लच जरासा सोडला, आणि टण्ण. बारीकसा. हेल्मेटमध्ये मलेच ऐकू आला तेवढा. समोर चारशे मीटर, कठड्याशी प्रतिक्षा. पळवली असती तर शेवटपर्यंत नेली असती किंवा शाफ्ट तुटून पायाखालची फरशी फोडून वर आला असता. आणि थांबलो तर ती म्हणणार, पुन्हा अर्ध्यातच सोडलं.

गिअर काढला, हात वर केला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. एक जण ओरडला की गाडी आहे का म्हैस. मामाजी, मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. धर्मेंद्रनं पाहिलं, ते वेगळं.

गाडी ढकलत बाजूले नेली, स्टँडवर घेतली. प्रतिक्षानं ओढणी कमरेले खोचली आणि शाफ्टले हात घातला. क्रॉसची टोपी तिच्या हातात आली. आतल्या बेअरिंगच्या बारीक सुया तुटून भुगा झालेल्या. मी म्हणालो, बोल, पुन्हा अर्ध्यात सोडलं म्हण. ती म्हणाली, गप बस. मग तिनं त्या सुया वेचून रुमालात बांधल्या. तिचे वडील कैलाशकाका धान मळायचं थ्रेशर चालवतात, त्यालेही असाच शाफ्ट असते, त्यांना म्हणे हे दाखवायचं आहे. हे तुटताना ऐकून हा पोट्टा थांबला, एवढं सांगितलं की पुढचं ते समजतील.

आज सानगडीले चाललो. मामी, तिले तिखट झेपते, मले विचारा. तुमचा लोभ वाढता ठेवा, आज त्याची फार गरज आहे.

आपला भाचा,
अश्वजित

ता. क. हे पत्र गाडीतच बसून लिहिलं. गॅरेजबाहेर ती स्कूटीचा हॉर्न वाजवून राहिली आहे, रुमाल तिच्या पर्समध्ये. उतरतो. दार हळू लावतो. आता दाराची एकच काच उरली आहे.