श्वासाच्या नऊ खुणा

३ ऑक्टोबर
गाबेसहून सकाळच्या लुआज टॅक्सीने स्फाक्सला पोहोचलो. खिडकीजवळची जागा मिळाली, बोरूच्या बासऱ्यांची, नायची पेटी मांडीवर ठेवता आली, एकही बोरू तडकला नाही. सुरुवात चांगली झाली. घरमालकीण मन्नूबियामावशींनी खोली उघडून दिली आणि काय करतोस म्हणून विचारलं. नाय वाजवतो, म्हणालो. त्या म्हणाल्या, ते कळलं रे, पोटासाठी काय करतोस ते विचारतेय.

संगीत मंडळ मदिनेत, म्हणजे तटाआतल्या जुन्या गावात आहे, लोहारांच्या बाजाराला लागून, वरच्या मजल्यावर. मला दुसरा नायवादक म्हणून घेतलंय. शाळा नववीत सुटली हे मी आधीच सांगून टाकलं. मंडळाचे प्रमुख सी हमादी म्हणाले, पण अक्षर कसं आहे? एक उतारा लिहायला लावला. चष्मा चढवून वाचला, एकही चूक सापडली नाही. लगेच दुसरं कामही दिलं: मंडळाचा ऑनलाइन संग्रह सांभाळायचा.

संग्रह फार सुंदर आहे. जुन्या वह्यांतल्या अकराशे स्वरलिपी आत आहेत. प्रत्येक वादकाची आपापल्या नावाची प्रत असते. कुठे श्वास घ्यायचा तिथे ओळीच्या वर तो बोटाने एक छोटी वाकडी खूण काढतो. दुसऱ्याच्या प्रतीतही खूण करता येते, पण खुणेवर बोट ठेवलं की ती कुणी केली त्याचं नाव दिसतं. पुसण्याचा अधिकार फक्त सी हमादींना, आणि आजपासून मला.

७ ऑक्टोबर
सी हमादींनी आज मंडळाचा रिवाज सांगितला. विसरू नये म्हणून जसाच्या तसा लिहितो. वादक वारला की तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी उभं राहून त्याच्या हातची प्रत्येक श्वासखूण पुसायची. पूर्वी पेन्सिलीच्या खुणा पावाच्या मऊ तुकड्याने पुसत. खूण राहिली तर बिचारा त्या जागी श्वासासाठी अडकून राहतो. आणि जिवंत माणसाची खूण कधीही पुसायची नाही. मी कारण विचारलं. ते म्हणाले, अरे, माणूस बसलेला असताना खालची खुर्ची ओढतोस का तू?

माझ्या प्रतीत खुणा कर, असंही म्हणाले. अजून केल्या नाहीत. कोऱ्या प्रतीवरून वाजवलं तर दमसास दिसेल.

१२ ऑक्टोबर
पहिला नायवादक गैथ. दिवसा फ्रिज दुरुस्त करतो. हातांना तेलाचा वास असतो, तरी सगळे त्याच्याशी हात मिळवायला धावतात. आज त्याने मोठा बशरफ, मैफलीच्या सुरुवातीची वाद्यरचना, वाजवला. शेवटची लांब ओळ फार संथ लयीतल्या चौदा मात्रांची आहे. त्याच्या प्रतीत तिथे एकच खूण आहे. एका श्वासात अर्धी, दुसऱ्यात उरलेली. वाजवून झाल्यावर खाली लोहारांची ठोकठोकही थांबल्यासारखी वाटली. मंडळातले सगळे जण त्याची प्रत उघडून त्याच्या खुणांवर श्वास घेतात. माझी प्रत आजवर कुणी उघडली नाही. तशी नोंद संग्रहात दिसते. मी रोज बघतो.

२५ नोव्हेंबरला नगरपालिकेच्या नाट्यगृहात कार्यक्रम आहे. बशरफ एकाच नायवर होणार. कुणाच्या, ते सी हमादी आठवडाभर आधी सांगतील. मला तो हवाय. वडील रेडिओवर ऐकतील. बोरूत फुंकून कुणाचं भलं झालंय, असं म्हणायचे ते.

१६ ऑक्टोबर
मन्नूबियामावशींनी गैथसाठी माशाचं कालवण दिलं, निळ्या नक्षीच्या वाडग्यात. मला त्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात देतात. वाडगा मीच नेऊन दिला. तो म्हणाला, बस रे भावा, दोघं मिळून खाऊ. भूक नाही म्हणालो. भूक होती.

१९ ऑक्टोबर
तालमीत लांब ओळीवर माझा दम तुटला. दुपारी प्रत उघडली तर त्याच ओळीवर नऊ खुणा. एकीवर बोट ठेवलं: गैथ. दुसरीवर: गैथ. नऊच्या नऊ.

त्याची एक आणि माझ्या नऊ. सगळ्यांना दिसतील अशा. वर मला म्हणाला, सध्या नऊ घे, मीही नऊपासूनच सुरुवात केली होती, महिन्याभरात आपण एकेक कमी करू. तंबोरीवाला म्हणाला, नऊ कसल्या, मध्ये चहाची सुट्टीही टाक. सगळे हसले. गैथही हसला.

२० ऑक्टोबर
दुपारी मंडळात एकटाच होतो. गैथची प्रत उघडली. लांब ओळीवरची त्याची एकमेव खूण पुसली. पुसल्याची नोंदही काढून टाकली. एकच. चुकून पुसली गेली असं म्हणता येईल.

२३ ऑक्टोबर
लांब ओळीच्या मध्यावर गैथ थांबला. मी खूण पुसली होती त्याच जागी. तोंड उघडं, छाती हलत नाही. मग जोरात खोकला. फ्रिजमधला गॅस छातीत गेला असेल, म्हणाला, आता महिनाभर थंडगार वाजवेन. सी हमादींनी ओळ मला वाजवायला सांगितली. नऊ खुणांवर वाजवली. बरी झाली, म्हणाले.

रात्री शांत झोप लागली. खरं तेच लिहितो.

३० ऑक्टोबर
त्याच्या आणखी सात खुणा पुसल्या. वेगवेगळ्या रचनांमधल्या.

४ नोव्हेंबर
गैथला जिने चढवत नाहीत. खालीच, लोहाराच्या स्टुलावर बसून ऐकतो. आज त्याच्या प्रतीतली शेवटची खूण पुसली. मग भीती वाटली, म्हणून पुन्हा काढायला गेलो. माझ्या हातची खूण त्याच्या प्रतीत उमटली, पण खाली त्याचं खोकणं थांबलं नाही.

८ नोव्हेंबर
सी हमादींनी बशरफ मला दिला. आठवडाभर आधीपर्यंत थांबलेही नाहीत. म्हणाले, सगळ्यांनी आता वनीसची प्रत उघडा. संग्रहात माझ्या नावापुढे पंधरा जण. किती वेळा तरी पाहिलं.

९ नोव्हेंबर
गैथच्या नऊ खुणा नकोत म्हणून शेजारी माझ्या स्वतःच्या काढल्या. त्यांवर श्वास येत नाही. छाती उघडतच नाही. गैथच्या खुणेवर गेलो की उघडते. दहा वेळा पडताळून पाहिलं.

१२ नोव्हेंबर
वाजवत नसतानाही. जिना चढताना मनात ती ओळ चालते. खूण आली की श्वास. मग पुढची येईपर्यंत काही नाही. मावशी म्हणाल्या, निळा पडलायस पोरा. कालवण निळ्या वाडग्यात दिलं. गिळता आलं नाही —

१५ नोव्हेंबर
गैथ गेला. पहाटे.
आईला सांगून गेला म्हणे, माझ्या चांगल्या बोरूंची जोडी वनीसला द्या, त्याचा दम वाढतोय.

१६ नोव्हेंबर
उद्या तिसरा दिवस. सी हमादी म्हणाले, त्याच्या खुणा काढून ठेव. मी म्हणालो, त्याच्या प्रतीत त्याच्या हातची एकही नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, प्रतीवरून नको, नावावरून शोध. कुठे ना कुठे असेलच त्याचा हात.
शोधलं. एकच निकाल.
गैथ — नऊ खुणा — वनीसची प्रत.
सांगितलं नाही. सांगायचं तर बाकीचंही —

१७ नोव्हेंबर, दुपार
सगळे उभे आहेत. मी कोपऱ्यात, वही मांडीवर. सी हमादींनी स्वतःच शोध घेतला. माझी प्रत भिंतीच्या मोठ्या पडद्यावर. ते म्हणाले, बघा, स्वतःची एकही ठेवली नाही, सगळ्या या पोराला देऊन गेला. बायका रडतायत. सी हमादींच्या एका हातात पावाचा तुकडा. दुसऱ्या हाताचं बोट —
पहिली गेली.
उठून धरावा हात. सांगावं की त्याच्या मीच —
पण मग बशरफ —
तिसरी. चौथी. छातीवर लोखंड ठेवल्यासारखं
सांगतो. आता सांगतो. बोलायला आधी श्वास —
सहावी
ते मागे वळून म्हणाले, वनीस, जवळ ये बाळा, शेवटची तू पूस
आठ गेल्या
सगळे वाट बघतायत. बोट माझं धरून नेतायत पडद्या