कुसाबाईंच्या मातीतली जर

नाशिक, रविवार

प्रिय ललिता,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच टेबलावर टाकशील आणि चहा करायला जाशील, हे मला ठाऊक आहे. चहा कर. पण तो घेताना हे वाच, कारण गेल्या मंगळवारपासून मला इतका आनंद झालाय की तो सांगायला माणूस मिळेना. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, दादा, मातीत दोरे सापडले, त्यात काय एवढं. रामकुंडावर यात्रेकरूंच्या दहा-दहा पिढ्यांच्या वह्या सांभाळणारा माणूस, आणि पुराव्याची त्याला ही किंमत. ऑफिसात सांगितलं तर साहेबांनी आधी दार लावून घेतलं आणि मग पंखा वाढवला. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस, आणि तुझ्या त्या 'हं'वर अजून कुणी भाष्य लिहिलेलं नाही. म्हणून कागद घेतला.

अकोल्याच्या तुझ्या मुलांना वर्गात सांगता यावं म्हणून क्रमाने सांगतो. येवल्याजवळचा तो टप्पा तुला आठवत असेलच. गॅसची लाइन जाणार म्हणून शेतांमधून वीस मीटर रुंदीचा पट्टा आखलेला, आणि दोन्ही बाजूंना शेतकरी कमरेवर हात ठेवून उभे. वरची हातभर माती आधी काढून वेगळी रचायची, खालचा मुरूम खणून त्याचा वेगळा ढीग करायचा, पाइप चरात उतरला की मुरूम खाली आणि माती वर. कंत्राटदार हे पाळतो का, ओढ्यात राडारोडा लोटतो का, आखलेल्यापेक्षा जास्त झाडं पाडतो का, हे बघून पर्यावरण तपासनीस म्हणून सही करायची ती मी. आठव्या वर्षापासून पाठशाळेत क्रमपाठ घोकलेल्या माणसाला याहून योग्य नोकरी कोणती मिळणार? वरचं वर, खालचं खाली, आणि क्रम चुकला की प्रायश्चित्त.

आता कुसाबाई. तू त्यांच्याकडे शेंगदाण्याची चटणी मागून खाल्ली होतीस, त्या. दोन एकर रान, भुसभुशीत, मूठ वळली तर वळते आणि सोडली तर सुटते अशी माती. बांधापलीकडे त्यांचे चुलत दीर खंडेराव. त्यांचं रान उताराच्या तळाशी, पाणी साचून साचून चोपण झालेलं, भिजलं की थिजतं आणि वाळलं की दगड होतं. दिसायला मात्र दोन्ही काळीच. गेल्या एप्रिलमध्ये पट्टा उकरला तेव्हा रस्त्याच्या बाजूला जागा पुरेना, म्हणून दोघांच्या मातीचे ढीग बांधाजवळ शेजारी शेजारी रचले. दोन ढीग, दोन पाट्या, पाट्यांवर गट नंबर. मे महिन्यात वावटळ आली, पाट्या उडाल्या. कुणीतरी सत्प्रवृत्त मजुराने त्या उचलून पुन्हा रोवल्या, जशा हाताला लागल्या तशा. जूनमध्ये मी गेलो. पाट्या ताठ उभ्या, नंबर नकाशाशी जुळलेले, ढीग उन्हाने सारखेच राखाडी पडलेले. मी समाधानाने मान डोलावली, मजुरांनी पाट्यांप्रमाणे ढीग पसरले, आणि माती जागेवर पसरल्याच्या दाखल्यावर मी सही ठोकली. मी पाट्या वाचल्या, ललिता. माती नाही वाचली. संस्कृताच्या विद्यार्थ्याला अक्षर दिसलं की त्याला पुढचं काही दिसत नाही, हे तू एकदा म्हणाली होतीस. तेव्हा मी हसलो होतो.

पावसाळ्यात पट्ट्यातली मका खुरटली, तेव्हा सगळे म्हणाले, उकरलेली जमीन आहे, बसायला वेळ लागतो. मीही म्हणालो. मग डिसेंबरात कांद्याची रोपं लावली. मंगळवारी शेवटच्या फेरीला गेलो तर दुरूनच दिसलं: कुसाबाईंच्या हिरव्या रानातून पिवळा पट्टा गेलेला, आणि बांध ओलांडला की खंडेरावांच्या मरतुकड्या रानातून गर्द हिरवा पट्टा. जणू कुणी एकाच्या अंगावरचं उपरणं काढून दुसऱ्याला पांघरलंय. तरी माझी ट्यूब पेटली नाही, हे नमूद करतो. मी फाइल उघडून उभा. कुसाबाई खुरपं घेऊन आल्या, माझ्याकडे न बघता पिवळ्या पट्ट्यातलं ढेकूळ उचललं, माझ्या फाइलवर ठेवलं आणि म्हणाल्या, "सायेब, ही माती माझी नाय."

मी काय उत्तर दिलं असेल, तू ओळखशील. मावशी, माती ही मातीच, असं काहीतरी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, जसं बाजारात फुटका माठ बघतात, आणि बांध ओलांडून खंडेरावांच्या हिरव्या पट्ट्यात शिरल्या. मी मागे. चार वेळा खुरपं मारलं, मूठ उचलली, बोटांनी फोडली, आणि तळहात माझ्या नाकासमोर धरला. मातीत एक तार चमकत होती. नखाएवढी, सोनेरी. तिच्याशेजारी रेशमाचा तुकडा, मळलेला, पण अजून जांभळा. कुसाबाई म्हणाल्या, "ह्यो माझ्या सुनेच्या मागावरचा केर हाय. हितं कसा आला?"

त्यांच्या सुनेला, पूजाला, तू भेटली आहेस. पुढच्या खोलीतला तिचा माग, सोळा वर्षं त्यावर पैठण्या विणल्या जातायत. रोज खाली पडलेले दोरे आणि जरीचे तुकडे झाडून ती उकिरड्यावर टाकते, उकिरड्यातलं खत दरसाल शेतात जातं, रेशीम सावकाश कुजतं आणि जरीची तार कुजतच नाही. सोळा वर्षांचा केर त्या दोन एकरांत मिसळलेला आहे. पंचक्रोशीत माग असलेली आणि शेती करणारी घरं आणखी असतील, पण त्या बांधाला लागून एकच. खंडेरावांच्या घरात रेशमाचं म्हणावं तर लग्नातलं उपरणं, तेही आता टोपल्याचं झाकण झालंय.

आणि तिथे, उन्हात, मला असा काही हर्ष झाला की पाठशाळेत पहिल्यांदा परीक्षेत पहिला आलो तेव्हाही झाला नव्हता. मी पूजाची पिठाची चाळण मागून घेतली. ती द्यायला नाखूष होती, आणि तिचं बरोबरच होतं. तिचा नवरा अमोल फीत धरून अंतरं मोजू लागला. कुसाबाईंच्या रानात पट्ट्याबाहेर दहा जागी खणलं, नऊ ठिकाणी धागे. त्यांच्याच पट्ट्यात दहा जागी खणलं, एकही नाही. खंडेरावांच्या पट्ट्यात दहापैकी आठ ठिकाणी. त्यांच्या पट्ट्याबाहेर शून्य. प्रत्येक नमुना पुडीत बांधला, पुडीवर जागा लिहिली, अमोलची आणि माझी सही. कायद्याने जमीन स्थावर मिळकत समजली जाते. आमच्या कंत्राटदाराने तिला जंगम करून दाखवलं. संध्याकाळी मातीने माखलेला मी येवल्याच्या स्टॅण्डवर पुड्यांची पिशवी छातीशी धरून समोर आलेल्या बसमध्ये चढलो, आणि कंडक्टरने उतरायला सांगितलं तेव्हा नांदगावला होतो. पाटी न वाचण्याचा सराव मी जरा उशिरा आणि चुकीच्या जागी सुरू केला. तिथून नाशिकला पोचेपर्यंत द्वारकेच्या चौकातली गर्दीसुद्धा ओसरली होती. ती ओसरलेली मी पहिल्यांदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी खंडेरावांना गाठलं. त्यांना आधीपासून कळलेलं होतं की नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की माती चालून दारात आली तर तिला हाकलायची का? मग कांद्यातलं गवत उपटू लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या रानात असा कांदा दिसतोय, ललिता, आणि तो दुसऱ्याच्या मातीवर. शेवटी म्हणाले, एवढा कांदा निघू द्या, मग न्या काय न्यायची ती. कुसाबाई बांधावरून ऐकत होत्या. कांदा त्याचा, माती माझी, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. भावकीतला एवढा लहान तंटा नाशिक जिल्ह्याच्या इतिहासात झाला नसेल.

पण खरा तंटा तिथे नाही. कांदा एप्रिलच्या सुरुवातीला निघेल, आणि एप्रिलच्या वीस तारखेला लाइनमध्ये गॅस सोडणार. एकदा गॅस सुटला की पाइपवर यंत्र चढू देत नाहीत. म्हणजे माती अदलाबदल करायला पंधरवडा आहे, आणि तो वापरायची परवानगी येत्या गुरुवारी मिळेल किंवा कधीच मिळणार नाही. त्या दिवशी सकाळी दहाला ही परवानगी ठरवणारी समिती शेतावर येतेय. परवानगी मिळाली नाही, तर कुसाबाईंच्या रानाच्या मधोमध चोपण कायमचं.

मी माझी सही मागे घेतली आहे. आमच्या वडिलांचा वहीबद्दल एक नियम होता: चुकलेली नोंद खोडायची नाही. यात्रेकरू शंभर वर्षांनी येतो, त्याला खाडाखोड दिसली तर तो बाकीच्या नावांवरही विश्वास ठेवत नाही. खाली लिहायचं, वरील नोंद माझ्या हातून चुकली, आणि सही करायची. जूनच्या दाखल्याखाली मी तेच लिहिलं, मराठीत, ठळक. साहेबांनी दार लावलं ते तेव्हा. गॅस कंपनीचा माणूस मात्र शांत होता. तो म्हणाला, जोशी, धागे काय, मूठभर फेकले की झालं. बाईने फेकले नसतील कशावरून? काम सुरू व्हायच्या आधी हे धागे तिच्या मातीत होते, असं कुठे लिहिलंय?

कुसाबाईंना हे सांगावं लागलं. मी जमेल तेवढं मऊ करून सांगितलं.  त्यांनी चाळण धुऊन पूजाकडे दिली आणि त्या आत गेल्या. सोळा वर्षं स्वतः घातलेलं खत, आणि वर धागे लपूनछपून फेकल्याचा आळ.

लिहिलेलं होतं, ललिता. तुला ते माझ्याआधीच आठवलं असेल, कदाचित चहा थंड होण्याच्याही आधी. काम सुरू व्हायच्या आधीची पाहणी तू केली होतीस, गेल्या वर्षी जानेवारीत, आणि कुसाबाईंच्या गटापुढे तुझी ओळ होती: 'वरच्या थरात जरीचे व रेशमाचे तुकडे, घरातील मागाचा केर खतातून शेतात येतो.' अहवाल माझ्या हातात आला आणि ती ओळ मी काढून टाकली. नुसती काढली असती तरी चाललं असतं. बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली, आणि म्हणालो की आमच्या ललिताबाईंना मातीतही पैठणी दिसते. सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी. तू त्या दिवशी डबा न खाता गेलीस आणि दोन महिन्यांनी नोकरी सोडून अकोल्याला. मी लोकांना सांगत राहिलो की तुला शिकवायची ओढ होती. आज लिहितो: वरील नोंद माझ्या हातून चुकली. सही खाली आहेच. अहवालाचा मसुदा संगणकावरून कधीच पुसला गेलाय, मीच पुसला. उरली असेल तर तुझी ती हिरव्या कापडी बांधणीची वही, जिच्यात तू शेतावर उभ्या उभ्या लिहायचीस, तारखेसह. ती घेऊन ये. वही फेकून दिली असशील, तरी ये आणि तू काय पाहिलंस ते तुझ्या तोंडाने सांग. या खेपेस ते कुणी हसून ऐकणार नाही, निदान मी तरी नाही. आणि माझं तोंड बघायचं नसेल तर वही कुसाबाईंच्या पत्त्यावर पाठव, पत्ता त्या वहीतच आहे. सोबत पूजाने दिलेला जरीचा तुकडा चिकटवलाय. पुराव्यातला नाही, तिच्या मागावरचा ताजा. तिने विचारलं, त्या बाई परत कधी येणार, ज्यांनी हे पहिल्यांदा बघितलं? मी सांगितलं, गुरुवारी. तुला न विचारता सांगितलं, तेवढी सवय अजून गेलेली नाही. रात्रीच्या गाडीने निघालीस तर पहाटे मनमाडला उतर. मी फलाटावर असेन. लिंबाच्या लोणच्याची ती फोड, जी तू रोज माझ्या डब्यातून उचलायचीस, वर्षभर उरतेय. ती आणतो.

तुझाच, आणि पाट्या वाचणं सोडलेला,
दिवाकर