खुडबुडीचा डबा आणि तुझी अट

प्रिय ठोंब्या,

पोरगी विचारतेय, बाबांना असंच लिहू का. मी म्हटलं, असंच लिही. दाखल्यावरचं नाव त्याला ऑफिसात मिरवायला दिलंय, घरात हेच चालतं.

तुला वाटेल, फोन असताना म्हातारीला पत्राची हौस कुठून सुचली. तर फोनवर तू मध्येच बोलतोस, आणि अंगाशी आलं की नेमका तुझा आवाज तुटायला लागतो. पत्राला मध्ये तोंड घालता येत नाही. मी सांगतेय, तुझी लेक खुडबुडी लिहितेय, आणि तू मुकाट्यानं वाचतोयस. जन्मात पहिल्यांदा माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकशील. पोरीलाही बजावलंय, मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं, स्वतःची अक्कल मध्ये घालायची नाही. मला वाचता येत नसलं तरी मी किती बोलले आणि तिनं किती लिहिलं, हे कागद किती भरला त्यावरून कळतं.

आता तुझ्या अटीकडे येते. खुडबुडी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला हिशेबाच्या पेपरात आपटली, ते कळल्यावर तुझा फोन आला. पुरे झालं आजीकडे राहणं, सामान भर, इकडे ये, माझ्या ऑफिसात कुठेतरी चिकटवतो. ती म्हणाली, बाबा, मला कॉम्प्युटर जोडायचेत, दुरुस्त करायचेत, कॉम्प्युटरच्या दुकानातले उस्ताद शिकवतायत. त्यावर तू हसलास. तिनं फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे ते हसू भाजी निवडता निवडता मीही ऐकलं. मग म्हणालास, बरं, तो भंगाराचा ढीग जमवलायस ना, मी येईन तोवर कुणालाही न विचारता एकटीनं चालू करून दाखव. अख्खा दिवस चालला तर राहा तिथेच. नाही चालला तर बॅग भरून तयार राहा.

भंगार नव्हतं रे ते. त्या दुकानात दुपारभर स्क्रू पिळून जे पैसे हातात पडायचे त्यातून तिनं एकेक वस्तू आणली होती. तिच्या खोलीत खोक्यांवर खोकी, मला झाडू फिरवायला जागा नाही. शेवटचं खोकं आलं त्या सकाळी तिनं जेवणाचं टेबल पुसलं, हात धुतले आणि मला सांगितलं, आजी, आता शिंकायचंसुद्धा नाही. मी पदर तोंडावर धरून समोर बसले. आधी एक मोठी पाटी निघाली, मदरबोर्ड म्हणतात तिला, वरून बघितलं तर छोटंसं गाव वसवल्यासारखी. तिच्या मधोमध एक चौकोनी वडी बसवली. हे याचं डोकं, आजी, प्रोसेसर. हे काम करताना फार तापतं, म्हणून याच्या डोक्यावर धातूचा ठोकळा आणि त्यावर पंखा. मी म्हटलं, असा एक ठोकळा तुझ्या बापाच्या डोक्यावर बसवायला हवा होता. (बाबा, हे आजीनंच सांगितलंय, मी फक्त लिहितेय.)

सगळं जोडून एका डब्यात बसवल्यावर तिनं बटण दाबलं. दिवे लागले, पंखे फिरले, पडद्यावर अक्षरं उमटली. पोरगी नाचायला उठली आणि तेवढ्यात तो गप्प. पंखे थांबले, पडदा काळा. परत दाबलं, परत तेच. अगदी तुझ्या वडिलांसारखं. ते असेच, उठायचे, चार शब्द बोलायचे, आणि आपण उत्तर द्यायला तोंड उघडावं तर घोरत असायचे.

मग सुरू झाली शोधाशोध. तिला वाटलं, भिंतीवरच्या बोर्डात वीज नीट येत नाही. फ्रिजची पिन काढून तिथे लावलं. माझं दूध नासलं, डबा काही उठला नाही. मग रॅमची पट्टी काढली, पुसली, कट्ट आवाज होईपर्यंत दाबून बसवली. तरी तेच. पॉवर सप्लाय म्हणून जड ठोकळा असतो, घरची वीज तो डब्याला पचेल अशी करून देतो, त्यावर संशय घेतला. दुकानातून दुसरा मागून आणला. उस्ताद विचारत होते काय झालं, पण हिनं सांगितलं नाही. मला म्हणते, वस्तू आणली, सल्ला आणला नाही, अटीत बसतं ना, आजी? बघ, तुझ्यापेक्षा तुझी अट तीच जास्त पाळत होती. दुसरा ठोकळा लावला तरी डब्याचं आपलं उठणं, जांभई देणं आणि निजणं चालूच.

त्यात रोज तुझा फोन. झालं का चालू? बरं, तब्येत कशी आहे, जेवलात का, हे नंतर, पहिला प्रश्न हाच. एकदा तर सूनबाईला मागून बोलताना ऐकलं, अहो, नका ना चिडवू तिला. सूनबाईला माझा आशीर्वाद सांग, आणि सांग की पालथ्या घड्यावर पाणी ओतून हात दुखवून घेऊ नकोस.

तुझ्या त्या फोननंतर एका दुपारी खुडबुडीनं हात टेकले. डब्याकडे बघेनाच. स्टुलावर चढली, कपाटावरची बॅग काढली, धूळ झटकली, पलंगावर उघडून ठेवली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मी काय केलं सांगू? गेले आणि त्या बॅगेत बसले. हो, बॅगेतच. पाय बाहेर, बाकी मी आत. ती म्हणाली, आजी, ऊठ. मी म्हटलं, गुडघे धरलेत, उठवत नाही. ती म्हणाली, मोडेल बॅग. म्हटलं, मोडू दे, तुझ्या बापानंच आणलीय, नाहीतरी चाकं वाकडीच होती. मग हसली एकदाची. मग रडली. मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, सगळं काढते आणि पहिल्यापासून लावते.

या वेळी तिनं डब्याची सगळी आतडी बाहेर काढली. पाटी खोक्याच्या पुठ्ठ्यावर मांडली, आणि ज्याच्यावाचून चालणारच नाही तेवढंच तिला जोडलं. मला उजेडासाठी बॅटरी धरायला बसवलं. बॅटरी मी वाकडी धरली, शिव्या खाल्ल्या, याहून माझा हातभार काही नाही, उगाच आजीमुळे झालं असं लोकांना सांगत फिरू नकोस. चालू केलं, थोडं चाललं, बंद पडलं. लगेच चालू केलं तर त्याहून लवकर बंद पडलं. आम्ही जेवायला उठलो. जेवून आल्यावर बटण दाबलं तर गडी बराच वेळ टिकला. पोरगी हात चोळत उभी राहिली. मला म्हणाली, आजी, हा दमत नाहीये, हा तापतोय. थंड झाला की जास्त टिकतो.

मग डोक्यावरच्या ठोकळ्याला तिनं बोट लावलं. आणि इथेच गंमत. ठोकळा गारेगार. खाली डोकं भाजून बंद पडतंय आणि वरच्याला पत्ताच नाही. म्हणजे खालची आग वर पोहोचतच नाही. मधे काय आलंय? स्क्रू सोडले, ठोकळा उचलला, उलटा केला, आणि तो तिनं माझ्या नाकासमोर धरला.

तळाला प्लास्टिकचा पातळ कागद होता. नव्या वस्तूवर ओरखडा येऊ नये म्हणून चिकटवतात ना, तसा. आरपार दिसेल असा, पण त्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं, बसवण्याआधी काढा. मी म्हटलं, अगं, मला अक्षर येत नाही, मला माफ आहे. तू तर शिकलेली, तू वाचलं नाहीस? तर म्हणते, वाचलं होतं, आजी. पण मला वाटलं, असंच लिहितात. आपल्या घरी कुठे कोण काढतं?

आता सांग, चूक कुणाची? दुसऱ्या कुठल्या घरातल्या पोरीनं तो कागद खसकन ओढला असता. ही तुझ्या घरात वाढली. या घरात फ्रिजच्या दारावरचा कागद कडांनी काळा पडला तरी जागेवर आहे. रिमोटला पिशवी आहे, बटण तीनदा दाबावं तेव्हा एकदा लागतं. खुर्च्यांची प्लास्टिकं उन्हाळ्यात मांड्यांना चिकटतात आणि उठताना सालपट निघाल्यासारखा आवाज होतो, पाहुणे लाजतात. भिंतीवरच्या घड्याळाच्या कागदाला फोड आलेत, त्यातून वेळ बघायची म्हणजे मोतीबिंदूवर मोतीबिंदू. आणि तू इथे राहायचास तेव्हा, ही लहानपणी एखाद्या कागदाचं टोक नखानं उचकटायला लागली की तू ओरडायचास, राहू दे, नवं राहतं! राहिलं बाबा, सगळं नवं राहिलं. वापरायचं तेवढं राहून गेलं.

खुडबुडीनं तो कागद काढला. डोक्यावरचं जुनं मलम पुसलं, हो, खालची आग वर जावी म्हणून मलम लावतात त्याला, नवीन लावलं, ठोकळा बसवला आणि बटण दाबलं.  पंखे फिरले. अक्षरं आली. चित्र आलं. मी दूध तापवून आले, तरी चित्र तिथेच. मी देवाला जोडावेत तसे हात जोडले तर म्हणते, आजी, त्याला नको, मला जोड.

आणि मग आम्ही काय केलं ते नीट वाच, कारण तू आल्यावर तुला धक्का बसायला नको. आम्ही घरभर फिरलो. फ्रिजचा कागद तिनं एका दमात ओढला, असा चर्रर्र आवाज, कानाला काय गोड लागला! रिमोटची पिशवी मी दातानं फाडली. एकेक खुर्ची सोलून काढली. आतलं कापड हिरवं आहे, ठोंब्या, माहीत होतं तुला? इतकी वर्षं मी राखाडी समजत होते. घड्याळाचा कागदही तिनं स्टुलावर चढून काढला, आता मला काटे दिसतात. तुझ्या लाडक्या वस्तू उघड्यावर आल्या आहेत. त्यांना ओरखडे पडणार आहेत, डाग पडणार आहेत, आणि एकाची सुरुवात मी चहा सांडून केलेलीच आहे. रागवायचं असेल तर हिरव्या खुर्चीवर बसून रागाव.

दुसऱ्या दिवशी ती डबा चालू ठेवून दुकानात गेली. मी त्याच्यासमोर राखणदार. पडद्यावर रंगीत रेघा आपल्या फिरत होत्या, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी हलले नाही. शेजारची नर्स येऊन म्हणाली, आजी, काय बघताय? म्हटलं, माझ्या लेकाची अट बघतेय, कशी धापा टाकते ती. संध्याकाळी पोरगी आली, तेव्हा पंखे फिरतच होते. तिनं ठोकळ्याला बोट लावलं. छान कोमट. मग स्वतःच उस्तादांना फोन करून सगळी चूक सांगितली, आणि ते इतके हसले म्हणे की त्यांच्या हातातला पाना पडला. पण त्यांनी दुकानात तिच्यासाठी वेगळं टेबल मांडलंय. हे लिहायला ती तयार नव्हती. मी म्हटलं, लिही, नाहीतर परत बॅगेत जाऊन बसते.

इथून अक्षर बदललंय, ते तुला दिसलंच असेल. खुडबुडीला मी साखर आणायला पाठवलंय. साखर घरात आहे. आता नर्सबाई लिहितेय, ड्यूटीवरून येऊन चप्पलसुद्धा न काढता बसलीय बिचारी. आणि हे पत्र ज्यासाठी आहे ते आता ऐक. तुला वाटेल, डबा चालला, आम्ही जिंकलो, म्हणून म्हातारी नाक वर करून लिहितेय. नाही रे. डबा चालला नसता तरी मी हेच लिहिलं असतं. ही पोर कुठेही जाणार नव्हती. तुझी अट मी ऐकली, मानली कधीच नव्हती. त्या दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती ना, तेव्हा भांडत नव्हती, कुणाला दोष देत नव्हती. अगदी नीट घड्या, बाहीवर बाही. जणू तिला आधीपासूनच ठाऊक होतं की या घरात राहायचं तर काहीतरी चालू करून दाखवावं लागतं. मला भीती वाटली ती त्या घड्यांची. आज तिला वाटतंय, आपण डबा चालू केला म्हणून आपल्याला इथे राहू दिलं. उद्या तिचं दुसरं काही बंद पडेल. नोकरी म्हण, संसार म्हण, माणसाचं काय काय बंद पडतं. तेव्हा तू बोलायचीही वाट न बघता ती आपणहून निघून जाईल, आणि आपल्याला पत्तासुद्धा लागणार नाही. मी सांगून उपयोग नाही, आजी लाड करते म्हणेल. हे तुझ्याच तोंडून निघायला हवं. तेव्हा तू ये. कॉम्प्युटर बघू नकोस, खुर्च्या बघू नकोस. बंद दाराबाहेर उभा राहा आणि तिला सांग की नापास हो, पास हो, तुझं काही चालो न चालो, हे घर तुझं आहे, आणि अट घातली ती बापाची चूक होती. एवढं सगळं बोल, अर्धं गिळू नकोस. मी तिला शेजारी घेऊन दारामागे कडीला हात लावून उभी असेन. बोलून झालं की उघडते.

तुझीच,
आई