न विचारता उपटलेली चाळीस रोपं

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. माझी नोकरी शाबूत आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही कपाळाला हात लावणार नाही.

आमच्या काचघरात टोमॅटोच्या पानांवर फिकी-गडद ठिगळं दिसली. मुकादम म्हणाला, "खत कमी पडलंय." मी म्हटलं, "मग अख्खी ओळ पिवळी पडली असती. इथे मधलीच रोपं बिघडलीत, शेंड्याची पानं दोऱ्यासारखी झालीत. हा विषाणू आहे. याला औषध नाही, रोपं उपटायची." तो म्हणाला, तपासणीचा निकाल येऊ दे. तोवर रोपं दोरीला बांधणाऱ्या आमच्याच हातांनी रोग ओळभर फिरला असता. मी कुणाला न विचारता चाळीस रोपं उपटून पिशव्यांत बंद केली.

मुकादमाने माझी कात्री काढून घेतली आणि आठ दिवस मला क्रेट धुवायला बसवलं. हात सोलवटलेत, पण जेवते नीट, आईला सांगा.

काल निकाल आला. विषाणूच! मुकादमाने माफी नाही मागितली, पण माझी कात्री परत दिली. मी म्हटलं, "आधी सिगारेट टाका, साबणाने हात धुवा, मग रोपाला शिवा." हा रोग तंबाखूतूनही हाताला लागतो. धुतले त्याने!

आता तुम्ही. आपल्या मिरचीच्या पानांवर तशीच ठिगळं आलीत, असं आईने लिहिलंय. तुम्ही तळहातावर तंबाखू मळून त्याच हाताने रोपं लावता, आणि मी बोलले की म्हणता, "तू गप्प बस." नाही बसणार.

तुमचं पत्र आलं की उघडण्याआधी त्याचा वास घेणार आहे.

तुमची हट्टी,
धाकटी