मालकाच्या हातात फोन

ब्रॉक्टन, सस्कॅचेवन
२६ फेब्रुवारी १९७८

ती. दार्काताईस, सा. न. वि. वि.

पत्राला महिना लावला, कबूल. शाई गोठली होती असं लिहिणार होतो, पण तू मला ओळखतेस. रोज लिहायला बसतो, रोज कोणीतरी बर्फात रुतलेली गाडी ढकलायला बोलावतं. मग कॉफी, मग पत्ते, मग उजाडतं.

ते जाऊ दे. सापडला, ताई! लाइल ब्रँडव्होल्ड, अठरा वर्षांचा, आइस हॉकीत बचावाला खेळतो. बापाची गुरं आहेत. चुकार गुराला न मारता गोठ्याकडे वळवावं, तसा हा बर्फावर मागे मागे घसरत समोरच्याला कडेला नेतो, आणि त्या बिचाऱ्याला वाटतं आपणच चाललोय. हे कोणाला बोलू नकोस. इथे आम्ही सगळ्या क्लबांचे हेर, नवी पोरं शोधणारे, एकाच कोपऱ्यात बसतो. आवडलेल्या पोराकडे कोणी बघत नाही, टाळी तर नाहीच. मी त्याच्या पाळीला शेंगदाणे सोलतो.

मामाला सांग, जूनमध्ये नव्या पोरांची निवड होईल तेव्हाची आपली पहिली पाळी कोणाला देऊ नकोस. पेटिग्रूसाहेब ती देऊन गोव्रोला आणणार असं ऐकतोय. गोव्रो छत्तीसचा, गुडघे साठीचे. क्लब साहेबांचा, मान्य, पण मॅनेजर मामा आहे ना? भट्ट्या विकून क्लब घेतलेल्याने भट्ट्याच विकाव्यात.

माया उतू जाऊ देऊ नकोस, पण आटूही देऊ नकोस.

तुझा,
ऑरेस्ट


हॅमिल्टन
८ मार्च १९७८

चि. ऑरेस्ट यास अनेक आशीर्वाद.

तुझी शाई गोठते आणि इथे आमचं रक्त. काल खेळाडूंच्या अदलाबदलीचा शेवटचा दिवस, मुदत दुपारी तीनची. मी ऑफिसात पोचले तर साहेब मामाच्या खुर्चीत. समोर नाही, खुर्चीत. म्हणाले, रोमन, मी जबरदस्ती करत नाही, नुसतं सुचवतोय; गोव्रोला आपल्या जर्सीत एकदा बघायचंय. गेल्या वर्षी असंच सुचवून त्यांनी प्रशिक्षकाला काढायला लावलं, पेपरवाल्यांनी सालटी काढली मामाची, आणि साहेब तेव्हा फ्लोरिडात मासे पकडत होते.

मामाने कोटाची बटणं लावली, फोन उचलला आणि साहेबांच्या हातात दिला. म्हणाला, क्लब तुमचा, सौदा तुम्हीच नोंदवा, आणि बाहेर पत्रकार बसलेत त्यांनाही तुम्हीच सांगा की निर्णय तुमचा. माझ्या नावावर हा होणार नाही.

मी टाइप करायचं सोडून बघत राहिले. साहेबांनी फोन कानाला लावला. काचेतून पत्रकारांकडे बघितलं. मग इतक्या हळू खाली ठेवला, जसं काही झोपलेलं मूल. विचारलं, जूनमध्ये घ्यायचा म्हणतोस त्या गुराख्याला पाहिलंय कोणी? मामा म्हणाला, माझ्या भाच्याने. साहेब म्हणाले, कोण, तो क्लबची गाडी कुठे लावली तेच विसरलेला? मला हसू आवरेना. तीन वाजून गेले.

पण जाताना म्हणाले, पोरगा फुसका निघाला तर मामा-भाचे दोघेही घरी बसा. मामी काल त्याच्या आवडीची, बटाट्याचं सारण भरलेली ढीगभर पेरोगी करून बसली, मामाने एकाला हात लावला नाही. तेव्हा बाबा रे, तिथून हलू नकोस. नीट बघ.

पत्र पाठव, निमित्तं पाठवू नकोस.

तुझी,
दार्काताई


ब्रॉक्टन
१८ मार्च १९७८

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हललो नाही, शपथ. एका कॅफेवालीने चेरी पायसाठी बोलावलं, तरी फक्त एकदाच गेलो. लाइलचा एकेक सामना बघतोय, आणि जितकं बघतो तितकी धाकधूक वाढते. काल तो दोनदा पडला. मामाची नोकरी माझ्या डोळ्यांवर टांगलीय, आणि हे डोळे गाडी विसरणारे. पण पडल्यावर उठतो कसा, ते तू बघायला हवं होतंस. समोरच्याची वाट अडवूनच उठतो.

आत्ता कोपऱ्यात बसून गुडघ्यावर कागद ठेवून लिहितोय. पोरं बर्फावर आलीत, मी शेंगदाणे काढलेत.

थांब. दार उघडलं. रबरी बूट, फरची टोपी, दोन्ही हातांत गरम चॉकलेट. ताई, पेटिग्रूसाहेब. एकटेच, हॅमिल्टनहून इथे. धापा टाकत पायऱ्या चढले, एक पेला मला दिला, शेजारी बसले आणि सगळ्या क्लबांच्या हेरांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात विचारलं, आमचा पोरगा कुठला रे यातला?

कोपऱ्यातल्या सगळ्या माना वळल्यात. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, माझ्याकडे नाही आणि साहेबांकडेही नाही. आमचा म्हणाले, ताई, सगळ्यांदेखत. मामाला सांग, पेरोगी खा.

घाईत, पण तुझाच,
ऑरेस्ट