कड्यावरचे शनिवारचे तेल थांबविण्याबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
वनपरिक्षेत्र कार्यालय, आंबेखोल, जि. रायगड.

विषय : धामणखोल येथील चढाईमार्गावर तेल व शेंदूर लावणे बंद करण्याबाबत (स्मरणपत्र).

संदर्भ : माझे आधीचे अर्ज व त्यांस आलेले आपले एकमेव उत्तर.

महोदय,

१. मी कुलदीप तांबे, पालीकडच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. धामणखोल वाडीमागच्या कड्यावर बोल्ट ठोकलेला चढाईमार्ग आहे, तोही आपल्याच परवानगीने. कमरेला दोर बांधून मी तो कित्येक हंगाम चढतो आहे आणि दर वेळी माथ्याखालच्या शेवटच्या खाचेपाशी पडतो. बोटे आता सुजतात. यंदानंतर चढाई बंद, असे डॉक्टरांनी बजावले आहे. मला फक्त एकदा वर पोचायचे आहे.

२. चढण्यापूर्वी मी हाताला पांढरी पावडर लावतो, कातळाला हात टेकून डोळे मिटतो आणि कुठे हात, कुठे पाय, ते पुटपुटतो. वाडीतल्या वयोवृद्ध गोदूबाईंनी हे पाहून मी नवस बोललो आहे असे ठरवले. आम्ही बौद्ध. आजोबांपासून आमच्या घरी कोणी नवस बोललेले नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. "म्हनूनच पावत न्हाय," असे त्या म्हणाल्या.

३. मी पडतो तिथेच देव अडवतो, अशी वाडीची खात्री झाली. त्यामुळे गोदूबाईंचे पुतणे चंदर, जे एरवी मधाची पोळी काढतात, दर शनिवारी माथ्यावरून दोराने उतरून नेमके त्याच खाचेत तेल-शेंदूर घालतात. माझी सुट्टी रविवारी असते. आता काय सांगावे, साहेब!

४. तक्रार करताच, हे देवस्थान असल्याने देवस्थान समितीचा ना हरकत दाखला आणावा, असे आपण कळवले. समिती नव्हतीच. दाखल्यासाठी ती स्थापन करावी लागली आणि पहिला भक्त म्हणून मलाच एकमताने अध्यक्ष केले. पहिल्याच बैठकीत देवावर, म्हणजे त्या खाचेवर, कोणी पाय ठेवू नये असा ठराव झाला. त्यावर सही माझीच आहे. मी कपाळावर हात मारून घेतला, तोही तेलकट होता.

५. गोदूबाईंवर कारवाई करावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्या माझ्यासाठी शनिवारी उपास धरतात आणि रविवारी उन्हात कड्याखाली बसून राहतात. माझ्या घरचेसुद्धा आता येत नाहीत. त्यांना रागावून बोलायला माझी जीभ रेटत नाही. साहेब, मी खरोखर थकलो आहे.

६. गेल्या रविवारी बोटे खाचेत पोचली होती. तेलावरून सटकली. मी दोराला लोंबकळत असताना गोदूबाई खाली रडत होत्या. डोळे पुसून त्या ओरडल्या, "रडू नको रं! येत्या शनवारी दुप्पट त्याल वतते, पन तुला वर पोचवतेच!"

तरी कृपा करून येत्या शनिवारच्या आत काहीतरी करावे, ही हात जोडून विनंती.

आपला थकलेला,
(सही)
कुलदीप तांबे
अर्जदार, तथा अध्यक्ष, कडादेव देवस्थान समिती, धामणखोल

दिनांक : सोमवार, १२ जानेवारी २०२६

सोबत :
१. खाच पुसलेला रुमाल.
२. समितीने माझी ना हरकत दाखल्याची विनंती फेटाळल्याचे पत्र (सही माझीच).